धूळ खात पडलेला कायदा आणि लुईस गामा

गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचं नाव काढलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर उत्तर अमेरिका येते. त्याला कारणही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. लिंकन आणि तिथलं यादवी युद्ध आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण जोतीरावांचं पुस्तक निघालं त्या वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझीलमध्ये सुमारे १५ लाख माणसं गुलाम होती. उत्तरेतली गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षं झाली होती. ब्राझीलमध्ये ती संपायला आणखी पंधरा वर्षं लागणार होती.

आणि इथे एक कोडं आहे. या १५ लाखांपैकी लाखो जणांना गुलाम म्हणून ठेवणं ब्राझीलच्या स्वतःच्याच कायद्याने गुन्हा होता. कायदा लपवलेला नव्हता. तो संसदेने मंजूर केला होता, छापून जाहीर केला होता आणि कधीही रद्द झाला नव्हता. मग त्याच देशाची न्यायालयं, पोलीस आणि नोंदणी कचेऱ्या या माणसांना मालकांच्या नावावर कशा चढवत राहिल्या? हा पडून राहिलेला कायदा हातात घेऊन ज्याने पाचशेहून अधिक माणसं सोडवली, तो लुईस गामा स्वतः लहानपणी विकला गेलेला होता. त्याने हे कसं साधलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

## कायदा होता, तरी गुलाम कसे?

ब्राझीलमध्ये तीनशे वर्षांत सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं आणली गेली. जगात दुसऱ्या कुठल्याही देशात एवढी आणली गेली नाहीत. ब्रिटनच्या दडपणाखाली १८२६ मध्ये तह झाला आणि त्यापाठोपाठ ७ नोव्हेंबर १८३१ चा कायदा आला. त्याचं पहिलंच कलम सरळ होतं: बाहेरून ब्राझीलच्या भूमीवर किंवा बंदरात येणारा प्रत्येक गुलाम स्वतंत्र. अपवाद अगदी थोडे होते. असा माणूस आणणाऱ्याला शिक्षा होती, माणशी २०० मिलरेस दंड होता, आणि खबर देणाऱ्याला बक्षीसही होतं.

त्याच सुमारास कॉफीचं पीक वाढू लागलं. रिओ दे जानेरोच्या मागच्या डोंगररांगांत आणि पुढे साओ पाउलो प्रांतात मळे पसरत गेले. मळ्यांना हात हवे होते. मोठ्या बंदरांत उघडपणे जहाज लावता येईना, तर आडबाजूच्या किनाऱ्यांवर रात्री माणसं उतरवली जाऊ लागली. स्थानिक अधिकारी कधी भागीदार असत, कधी गप्प. १८३१ नंतरच्या पाव शतकात अशी सात लाखांहून अधिक माणसं उतरवली गेली. मग त्यांची विक्री झाली, पावत्या झाल्या, कर भरला गेला, वारसांत वाटण्या झाल्या, कर्जापोटी ती गहाण पडली. दहा वर्षांत प्रत्येकाच्या मागे कागदांचं एक भेंडोळं तयार झालं आणि त्या भेंडोळ्याच्या जोरावर मालक म्हणू लागला, हा माझा.

आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात हे पटकन समजेल. मूळ खरेदीखतच खोटं असेल, तर त्यावरून झालेले पुढचे सगळे फेरफार पोकळ ठरतात. सातबाऱ्यावर पाच नावं बदलली, शेवटच्या माणसाने प्रामाणिकपणे रोख पैसे मोजले, तरी ज्याच्याकडे मुळात हक्कच नव्हता त्याच्याकडून हक्क पुढे सरकत नाही. गामांचा सगळा युक्तिवाद या एका मुद्द्यावर उभा होता. ज्या क्षणी त्या माणसाचा पाय ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, त्या क्षणी कायद्याने तो स्वतंत्र झाला. नंतरची प्रत्येक पावती ही एका स्वतंत्र माणसाच्या अपहरणाची पावती आहे.

आणखी एक गोष्ट यात दडलेली होती. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरे. म्हणजे १८३१ नंतर आणलेली बाई मुळात स्वतंत्र असेल, तर ब्राझीलमध्ये जन्मलेली तिची मुलं आणि लेकींची मुलंही स्वतंत्र. एका बाईचा दावा सिद्ध झाला की अख्खं घर सुटायची वाट उघडत होती. मळेवाल्यांची झोप उडवणारी बाब हीच होती.

## बापाने विकलेला मुलगा

लुईस गामाचा जन्म २१ जून १८३० रोजी बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहरात झाला. आई लुईझा माहिन ही स्वतंत्र आफ्रिकी स्त्री. ती भाजीपाला, खाद्यपदार्थ विकून पोट भरत असे. बंडांत भाग घेतल्याच्या संशयावरून तिला अटकही झाली होती, असं गामांनी पुढे लिहिलं. ती १८३७ मध्ये रिओला गेली आणि पुन्हा मुलाच्या दृष्टीस पडली नाही. वडील गोरे, पोर्तुगीज वंशाच्या खानदानी घराण्यातले. पत्ते आणि चैन यांत त्यांनी वारसा उधळला, आणि १० नोव्हेंबर १८४० रोजी दहा वर्षांच्या पोटच्या मुलाला जहाजावर नेऊन विकलं. गामांनी या बापाचं नाव आयुष्यभर कुठे उघड केलं नाही.

जहाज रिओला गेलं. तिथून मुलाची रवानगी सांतोस बंदरात, आणि पुढे घाट चढून साओ पाउलोकडे, पायी. कांपिनासच्या बाजारात एका मळेवाल्याने त्याला निरखलं, गाव विचारलं आणि ‘बाहिया’ हे उत्तर ऐकताच नको म्हटलं. १८३५ मध्ये साल्वादोरला आफ्रिकी मुसलमानांनी मोठा उठाव केला होता. त्यामुळे बाहियाचा गुलाम म्हणजे बंडखोर, अशी धास्ती मालकांत बसली होती. कोणीच घेईना, तेव्हा व्यापाऱ्याने त्याला साओ पाउलोच्या आपल्या घरीच ठेवून घेतलं. तो तिथे कपडे धुवायला, इस्त्री करायला, शिवायला आणि जोडे बनवायला शिकला.

१८४७ मध्ये त्या घरात शिक्षणासाठी एक तरुण राहायला आला. त्याने लुईसला अक्षरओळख करून दिली. लुईस तेव्हा सतरा वर्षांचा होता. वाचायला येऊ लागलं आणि वर्षभरात त्याने आपण जन्माने स्वतंत्र असल्याचे पुरावे गुपचूप मिळवले. १८४८ मध्ये त्याने ते घर सोडलं. स्वतंत्र बाईच्या पोटी जन्मलेला मुलगा गुलाम होऊच शकत नव्हता. त्याची विक्री पहिल्या दिवसापासून बेकायदा होती. म्हणजे पुढे जो मुद्दा त्याने इतरांसाठी न्यायालयात मांडला, तो आधी त्याने स्वतःपुरता सिद्ध केला होता.

आईला त्यांनी रिओमध्ये पुन्हा पुन्हा शोधलं. १८४७, १८५६ आणि १८६१ या वर्षांची नोंद त्यांनीच करून ठेवली आहे. ती सापडली नाही.

## पोलीस कचेरीतली शाळा

गामा शिपाई म्हणून भरती झाले. सहा वर्षं नोकरी केली. एका अधिकाऱ्याने अपमान केला तेव्हा त्यांनी उलट उत्तर दिलं, त्याबद्दल ३९ दिवस कोठडीत काढले आणि १८५४ मध्ये नोकरी सुटली. पण शिपाईगिरीच्या काळात फावल्या वेळात ते कचेऱ्यांत नकलनविशी करत. सुंदर अक्षर, अचूक नक्कल. पुढे १८५६ पासून पोलीस खात्याच्या सचिवालयात कारकून म्हणून ते रीतसर लागले. खात्यातले वरिष्ठ आणि कायद्याचे प्राध्यापक असलेल्या फुर्तादो दे मेंदोन्सा यांचा त्यांना आधार होता.

शहरात कायद्याचं नामांकित विद्यालय होतं. तिथली पदवी गामांच्या वाट्याला आली नाही. त्यांची शाळा ही कचेरी होती. अटकेचे हुकूम, पळालेल्या गुलामांची वर्णनं, मालकांचे अर्ज, न्यायाधीशांचे शेरे, सगळं त्यांच्या हाताखालून जात होतं. गामा उत्तम कवी होते. १८५९ मध्ये त्यांचा उपरोधिक कवितांचा संग्रह निघाला, नंतर व्यंगपत्रंही त्यांनी चालवली. त्यांच्या चरित्रकारांना हा भाग फार आवडतो. माझ्या मते त्यांची खरी ताकद त्या पंधरा-वीस वर्षांच्या कारकुनीत होती. कुठला कागद कुठे ठेवलेला असतो, कुठल्या रकान्यात मालक काय लिहितो आणि का लिहितो, कुठला नियम अजून रद्द झालेला नाही, हे त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं बऱ्याच पदवीधर वकिलांना नव्हतं.

वकिलांची टंचाई असल्यामुळे पदवी नसलेल्या, पण काम येणाऱ्या माणसाला परवाना देऊन खालच्या न्यायालयात उभं राहू द्यायची तिथे पद्धत होती. गामांनी तो मिळवला. वर्तमानपत्रात जाहिरात दिली की स्वातंत्र्याचे दावे आपण एकही पैसा न घेता चालवू.

## स्वातंत्र्याचा दावा कसा चाले?

गुलाम म्हणून नोंद असलेल्या माणसाला न्यायालयात स्वतः उभं राहता येत नसे. त्याच्या वतीने कुणा स्वतंत्र माणसाने अर्ज करावा लागे. अर्ज दाखल झाला की न्यायाधीश त्या माणसासाठी एक पालक नेमत. दावा या पालकाच्या नावाने पुढे जाई. गामा कधी अर्जदार असत, कधी पालक, कधी दोन्हीमागचं डोकं.

दुसरी पायरी सर्वांत निकडीची. अर्ज केल्याचं कळताच मालक त्या माणसाला फटके मारून गप्प करू शकत होता, किंवा रातोरात दूरच्या मळ्यावर पाठवून देऊ शकत होता. म्हणून दावा चालू असेपर्यंत त्याला तिऱ्हाइताच्या ताब्यात ठेवण्याचा हुकूम मिळवावा लागे. हा हुकूम मिळाला नाही तर पुढचं सगळं फोल. गामांच्या अर्जांत याची घाई दिसते.

मग येई मूळ प्रश्न: हा माणूस १८३१ च्या आधी आला की नंतर? मालकाचे वकील म्हणत, कागद दाखवा. आता चोरट्या जहाजाची नोंद कोण करून ठेवणार? इथे गामांनी एक विसरलेला नियम बाहेर काढला. १८३१ च्या कायद्याची अंमलबजावणी कशी करायची, याचे नियम १२ एप्रिल १८३२ रोजी निघाले होते. त्यांत म्हटलं होतं की कुठल्याही काळ्या माणसाने, कधीही, न्यायाधीशापुढे येऊन ‘मला व्यापारबंदीनंतर आणलं’ असं सांगितलं, तर न्यायाधीशाने त्याची सर्व बाजूंनी चौकशी करावी, स्वतःहून तपास करावा, आणि ज्या काही शंका निघतील त्या दूर करायला मालकाला भाग पाडावं. तो स्वतंत्र असावा असं सबळ कारण दिसलं तर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवावं.

या एका नियमाने सगळं पारडं फिरत होतं. आता गुलामाने आपलं स्वातंत्र्य सिद्ध करायचं नव्हतं; मालकाने आपली मालकी सिद्ध करायची होती. आणि नियमात ‘कधीही’ असं असल्यामुळे तीस-चाळीस वर्षं उलटली म्हणून दावा बुडत नव्हता. कुठल्या किनाऱ्यावर उतरलास, कुठल्या जहाजातून, कुणाकुणाच्या हातातून गेलास, हे प्रश्न विचारायची सूचनासुद्धा त्या नियमांत होती. गामा अर्जांत याच प्रश्नांची उत्तरं भरत.

मालकांच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा होता की ४ सप्टेंबर १८५० रोजी गुलामांची आयात थांबवणारा नवा, कडक कायदा झाला, तेव्हा जुना आपोआप संपला. गामांचं उत्तर असं: १८५० चा कायदा आणणाऱ्यांना शिक्षा देतो, जे आधीच स्वतंत्र होते त्यांना तो पुन्हा गुलाम करतो, असं त्यात कुठे लिहिलंय? १८८० च्या डिसेंबरमध्ये त्यांनी वर्तमानपत्रात हा मुद्दा पोर्तुगालच्या काळातल्या १८१८ च्या फर्मानापासून ओळीने उलगडून मांडला.

चौकट : चार तारखा

७ नोव्हेंबर १८३१ : बाहेरून आणलेला प्रत्येक गुलाम देशात येताच स्वतंत्र.
१२ एप्रिल १८३२ : तक्रार कधीही करता येईल, मालकाने शंका दूर कराव्यात.
४ सप्टेंबर १८५० : समुद्रातली वाहतूक खरोखर थांबवणारा कायदा, मळ्यांवर पोचलेल्यांबाबत मौन.
२८ सप्टेंबर १८७१ : यापुढे गुलाम आईच्या पोटी जन्मणारी मुलं स्वतंत्र; सर्व गुलामांची नोंदणी सक्तीची.

## वयाचं गणित

१८७१ च्या कायद्याने मालकांना एक नवं संकट दिलं. प्रत्येक गुलामाची सरकारी वहीत नोंद करायची: नाव, रंग, वय, जन्मस्थान, आईवडील, काम. मुदतीनंतरच्या वर्षभरातही ज्याची नोंद झाली नाही, तो स्वतंत्र.

आता हिशेब करा. १८७२ च्या नोंदीत एखाद्याचं जन्मस्थान ‘आफ्रिका’ आणि वय ३५ लिहिलं, तर तो १८३७ च्या सुमारास जन्मला. आफ्रिकेत १८३७ ला जन्मलेला माणूस ब्राझीलमध्ये १८३१ च्या आधी येणं शक्यच नाही. वय ४१ पेक्षा कमी आणि जन्म आफ्रिकेतला, एवढ्यावर मालकाच्या सहीनेच गुन्हा कबूल होत होता. साक्षीदार नको, जहाजाचं नाव नको. पळालेल्या गुलामांच्या जाहिरातींचंही तसंच. मालक स्वतःच छापत, अमुक वयाचा, अमुक आफ्रिकी जमातीचा.

मालकांनी यावर तोड काढली. नोंद करताना कित्येकांनी वयं वाढवून लिहिली, म्हणजे माणूस १८३१ पूर्वी आलेला दिसेल. या लबाडीचा शेवट पुढे येईलच.

याच कायद्याने गुलामाला स्वतःची बचत ठेवण्याचा आणि ठरलेली किंमत भरून सुटण्याचा हक्क दिला. मालकाने फार किंमत सांगितली तर ती लवादाने ठरवायची. गामांनी हा मार्गही भरपूर वापरला आणि अनेकांसाठी वर्गणी गोळा केली.

## नोकरी गेली, जीव धोक्यात

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं, कारण कायदा खरोखरच इतका स्पष्ट होता. अडचण खुर्चीत बसलेल्यांची होती. न्यायाधीश मळेवाल्यांच्या घरांतले, त्यांच्याशी सोयरीक असलेले, बऱ्याचदा स्वतः मालक. १८३१ चा कायदा एकदा मानला तर कॉफीच्या प्रदेशातले निम्मे मळे ओस पडतील, ही भीती मंत्रिमंडळापर्यंत होती. म्हणून अर्ज नुसते फेटाळले जात नसत. ते या न्यायाधीशाकडून त्या न्यायाधीशाकडे पाठवले जात, अधिकारक्षेत्राचा मुद्दा निघे, महिने जात.

१८६९ मध्ये जासिंतो नावाच्या आफ्रिकी माणसाच्या अर्जावर असंच झालं. गामांनी न्यायाधीशाच्या वागणुकीवर वर्तमानपत्रात उघड टीका केली. त्या नोव्हेंबरात त्यांना पोलीस खात्यातून काढून टाकण्यात आलं आणि फुर्तादो यांच्याशी असलेले जुने संबंधही तुटले. सप्टेंबर १८७० मध्ये त्यांनी आपल्या लहानग्या मुलाला, बेनेदितोला, पत्र लिहून ठेवलं. आपल्याला मारलं जाण्याची शक्यता आहे हे गृहीत धरून लिहिलेलं ते पत्र आहे.

याच काळात त्यांनी सांतोसमधला सर्वांत मोठा दावा हाती घेतला. एका धनाढ्य पोर्तुगीज व्यापाऱ्याने मृत्युपत्रात आपल्या सर्व गुलामांना मुक्त केलं होतं. वारस आणि भागीदार मालमत्तेवरून भांडत होते, आणि २१७ माणसं तशीच राबत होती. सुटका झाल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. भांडणाची बातमी वाचून गामा त्यात उतरले. समोरच्या बाजूला जोझे बोनिफासिओ, स्वतः गुलामगिरीचा विरोधक आणि गामांचा स्नेही. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने स्वातंत्र्य मान्य केलं, पण १८७८ पर्यंत थांबायची अट घातली. तोपर्यंत त्यांतले कित्येक दगावले होते. हा विजय मला नेहमी अर्धाच वाटतो, आणि गामांनाही तो पुरा वाटला नसणार.

१८८० मधल्या एका पत्रात त्यांनी आपण पाचशेहून अधिक माणसं सोडवली, असं लिहिलं आहे.

## वहीने मालकांनाच गाठलं

मधुमेहाने खंगून गामा २४ ऑगस्ट १८८२ रोजी गेले. साओ पाउलो तेव्हा लहान शहर होतं. दुकानं बंद झाली, हजारो लोक रस्त्यावर आले, आणि शवपेटी गाडीत न ठेवता खांदे बदलत कोन्सोलासाओच्या दफनभूमीपर्यंत नेण्यात आली. त्यांच्यानंतर आंतोनिओ बेंतो यांनी काम हाती घेतलं, पण मार्ग बदलला. त्यांची माणसं मळ्यांवर शिरून गुलामांना पळवू लागली. सांतोसजवळ पळून आलेल्यांची मोठी वस्तीच उभी राहिली. न्यायालयात जे एकेक करून होत होतं, ते आता टोळ्याटोळ्यांनी होऊ लागलं.

१८८५ मध्ये साठी ओलांडलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा झाला. आणखी तीन वर्षं राबण्याची अट असलेला तो कंजूस कायदा होता. पण १८७२ मध्ये ज्यांची वयं खोटी वाढवून लिहिली होती, ते आफ्रिकी कागदावर आता साठीच्या पुढे गेले होते. प्रत्यक्षात पन्नाशीतले धट्टेकट्टे लोक मालकांच्या स्वतःच्या नोंदीवर बोट ठेवून बाहेर पडले. खोटं वय लिहिलं होतं, असं सांगायची सोय मालकांना नव्हती. तसं म्हटलं की १८३१ चा कायदा पुढे उभा.

१३ मे १८८८ रोजी दोन कलमांच्या कायद्याने उरलेले सुमारे सात लाख गुलाम मुक्त झाले. त्यांना जमीन मिळाली नाही, पैसा मिळाला नाही. नुकसानभरपाई मागायला पुढे आले ते मालक. त्यांचे दावे ज्या नोंदींवर उभे राहिले असते, त्या तिजोरीकडच्या नोंदी जाळून टाकायचा हुकूम अर्थमंत्री रुई बार्बोझा यांनी १४ डिसेंबर १८९० रोजी काढला. बऱ्याच वह्या गेल्या. न्यायालयांची आणि नोटरींची दप्तरं मात्र अर्थखात्याच्या ताब्यात नव्हती, ती राहिली. गामांचे अर्ज, न्यायाधीशांचे शेरे, जबान्या त्या दप्तरांतून आजचे संशोधक वेचून काढत आहेत. २०१५ मध्ये ब्राझीलच्या वकील परिषदेने त्यांना मरणोत्तर वकिलीची सनद दिली.